जरबेऱ्याचं ताजं बी

आई,

भाजी झाकून ठेवलीय, दुपारची गोळी वाटीत आहे. मी समोरच्या शिवणवाल्या काकूंकडे चाललेय. हो, त्यांच्याचकडे. तोंडावर सांगितलं असतं तर तुम्ही पाठ फिरवली असती, म्हणून चिठ्ठी.

काल कुजलेला जरबेरा उपटताना तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. झाड खचायला लागल्यापासून कपाटात कुलूप लावून जपलेलं बी आपण तीनदा पेरलं, एक कोंब आला नाही. येणार कसा? जरबेऱ्याचं बी ताजंच पेरावं लागतं, ठेवून दिलं की मेलं.

काकूंच्या खिडकीत मात्र सहा कुंड्या फुलल्यात. ते बी तुमच्याच झाडाचं. चार वर्षांपूर्वी काड्यापेटीत भरून मीच दिलं. दहा वर्षं सून म्हणून तुमचं सगळं ऐकलं, त्यांना काही द्यायचं नाही हे एक ऐकलं नाही. एका उसवलेल्या बाहीवरून तुम्ही दोघींनी अबोला धरलात, त्यात झाडाचा काय दोष? रागवायचं तर खुशाल रागवा, मी माफी मागणार नाही. तेव्हा दिलं नसतं तर आज मागायला कुणाचं दार उरलं असतं?

त्यांच्या झाडांवर आता बी तयार झालंय. पण माझ्या हातात देत नाहीत, तुमच्याच हातात देणार म्हणतात. चार वाजता त्यांना घेऊन येते. आतून कडी लावून बसू नका. लावलीत तर आम्ही दोघी जिन्यातच पेरू. तुमची रिकामी कुंडी मी आधीच बाहेर नेऊन ठेवलीय.