नयनचं भेव

८ डिसेंबर, बोरी अरब
पोचले एकदाची! कुंदाताईंनी मळ्यातली खोली दिलीय. चहा इतका गोड, की माझ्या डॉक्टरने पाहिला तर माझी खैर नाही. खिडकीबाहेर विहीर, पलीकडे तूर. लहानपणच्या भीतीवरच्या एका जुन्या, गाजलेल्या भयकादंबरीची इथे बसून पटकथा करायचीय. दिग्दर्शक अनिकेतच्या मते पुस्तकातल्या भीती शिळ्या झाल्या; खऱ्या मुलांकडून ताज्या आण. जशी काही मेथीची जुडीच आणायचीय! पण पडद्यावर पहिल्यांदाच माझं एकटीचं नाव येणार. मी खूश आहे.

१० डिसेंबर
कुंदाताईंची नयन सात वर्षांची, भारी बोलकी. तिला भीती एकच, विहिरीची. आत एक बाई बसलीय म्हणे, ती नयनच्याच आवाजात हाका मारते. अंगावर काटा आला आणि लगेच वाटलं, सापडलं! नयन सांगत असताना कुंदाताईंनी माझ्या मुठीत मीठ ठेवलं होतं. लेकराचं भेव, म्हणजे भीती, ऐकणाऱ्याने मीठ धरायचं आणि मग चुलीत टाकायचं, ही इथली रीत. मी मान डोलावली, आणि लिहिण्याच्या नादात तेच मीठ उकडलेल्या तुरीच्या शेंगांना लावून खाल्लं. झक्कास लागल्या.

१३ डिसेंबर
पानं भराभर होतायत. इतकं खरं तू कधी लिहिलं नव्हतंस, असं अनिकेत म्हणाला. मी मात्र दोन दिवस खिडकी उघडलेली नाही. विहिरीच्या बाजूला पाऊलही टाकवत नाही. आणि नयन हल्ली काठावर पाय सोडून बसते.

१४ डिसेंबर
कुंदाताईंना मिठाचं सांगून टाकलं. त्या मटकन खाली बसल्या. "पोरीले भेव पाह्यजे ना ताई, नाई त ते जीवानं वाचन कशी? तिचं तिले वापस देऊन टाका." नयनच्या कानात सगळं परत सांगायचं, की मिठातून आलेलं भेव माझ्यातून जाईल. एवढंच. पण अनिकेत म्हणतो, शेवटचा प्रसंग होईस्तोवर थांब, भीती गेली तर लिहिशील कशावर? मी कुंदाताईंकडून शुक्रवारपर्यंतची मुदत मागून घेतली. नालायक आहे मी.

१७ डिसेंबर
विहिरीतून हाक आली. नयनचा आवाज. नयन माझ्यासमोर शेंगा सोलत होती — तिला काहीच ऐकू आलं नाही.

१८ डिसेंबर, दुपार
शेवटचा प्रसंग पाठवला. आता देते तिचं तिला, म्हणून उठले —

नयन विहिरीत उतरलीय. हसत उतरली. मग धप्पकन आवाज —

कुंदाताई कापूस वेचायला गेल्यात. त्यांचा फोन इथेच वाजतोय. ओरडले. कोणी नाही.

विहिरीपर्यंत बारा पावलं. उंबऱ्याबाहेर पाय पडत नाही. नुसता हात चालतोय, म्हणून लिहितेय —

ती किंचाळतही नाही. भीतीच नाही तिला. ताई, पाय पुरत नाही, असं नुसतं सांगतेय —

भेव परत दिलं तर माझे पाय सुटतील. पण कानात सांगायला काठापर्यंत —

अनिकेतचा मेसेज. प्रसंग जबरदस्त, फक्त शेवटी मुलगी वाचायला नको —

नयन ‘ताई’ म्हणाली. परत एकदा ‘ता