थर्मनचे कागद कुठे जावेत

६ एप्रिल १९८८
मुक्काम व्हर्जिनिया

ती. इलावन्संना सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. थर्मनला जाऊन दोन महिने होत आले, तरी अजून सकाळी दोन कप कॉफी होते आणि दुसरा कप मलाच प्यावा लागतो. त्यामुळे झोप नाही.

काल वकिलाने मृत्युपत्र वाचलं. घर मला, गाडी जोनेलला, मासे धरायच्या गळकाठ्या तुम्हाला. त्याच्या कागदांबद्दल मात्र त्याने वेगळंच लिहून ठेवलंय. बायको, मुलगी आणि बहीण या तिघींनी बहुमताने ठरवावं, म्हणे. पुढे लिहिलंय की बहुमत हे किती वाकडं प्रकरण आहे ते मी जन्मभर लिहीत आलो, घरातल्या कुणी वाचलं नाही, आता कळेल. वकिलाला हसू आवरेना. मला आलं नाही.

वन्सं, हे कागद म्हणजे काय ते तुम्ही बघायला हवं. पुढारी आणि समित्या निर्णय कसे घेतात यावरची टिपणं, खोक्यांत भरलेली, जेवणाच्या टेबलावर, टेबलाखाली, जिन्यात. मी ओट्याशी उभी राहून जेवते. तो शिकवायचा त्या इथल्या विद्यापीठाचं ग्रंथालय सगळं घ्यायला तयार आहे. चालत जाण्याइतकं जवळ आहे, वाटेल तेव्हा जाऊन बसता येईल. तुमचं आणि जोनेलचं मत पडलं की माणसं बोलावते.

गुडघ्याला शेक देत जा. या वहिनीवर आहे तेवढी माया राहू द्या.

तुमची
मार्जरी

१३ एप्रिल १९८८
हॉलिस क्रीक, टेनेसी

प्रिय मार्जरीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. गुडघा आहे तिथेच आहे. गळकाठ्यांबद्दल थर्मनचे आभार मानायला हवे होते, पण त्या मुळात माझ्याच होत्या. कॉलेजला जाताना न विचारता घेऊन गेला.

आता कागदांचं. तुझ्या त्या विद्यापीठाला मी एक चिटोरंही देणार नाही. माझ्या भावाला त्यांनी खिडकी नसलेली खोली दिली. मी एकदाच आले होते, तेव्हा डोळ्यांनी पाहिली. बाहेर पाऊस पडतोय की ऊन आहे ते बघायला त्याला जिन्यापर्यंत जावं लागायचं. शिवाय जगातल्या सगळ्या समित्यांवर त्यालाच बसवलं. समित्यांचा अभ्यास करतो म्हणून, म्हणे. उद्या हृदयविकाराचा अभ्यास करणाऱ्याला झटके द्याल काय?

थर्मन इथला. तालुक्याच्या वाचनालयात त्याचे कागद यावेत असं माझं मत आहे. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, जागा करू. तिथे पेंढा भरलेलं अस्वल उभं आहे, ते हलवतील. हा गावातून गेला तो गेलाच, नाताळला दोन दिवस यायचा तेही घड्याळाकडे बघत. आम्ही त्याला गावंढळ वाटायचो, हे कुणी बोललं नाही म्हणून मला कळलं नाही असं नव्हे. निदान कागद तरी घरी यावेत.

तिथे तुमच्या थाटात आमची आठवण राहू दे.

तुझी
इला

२४ एप्रिल १९८८
ओहायो

ती. आईस आणि ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

एकच पत्र दोघींना पाठवते, म्हणजे तिला काय लिहिलंस असं मला कुणी विचारायला नको.

मला दोन्ही बेत पसंत नाहीत. कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या संस्थेचं पत्र आलंय. ते स्वतः गाडी पाठवतील, पान न् पान लावतील, आगीपासून सुरक्षित खोलीत ठेवतील. माझं मत त्यांना. त्यांच्याखालोखाल आईचं विद्यापीठ. आत्या, तुझं वाचनालय शेवटी, कारण दर वसंतात ओढ्याचं पाणी त्याच्या तळघरात शिरतं. लहानपणी मी तिथे अस्वलाचे पाय ओले झालेले पाहिलेत.

आई, फोनवर तू म्हणालीस की कॅलिफोर्नियाला तर मेले तरी देणार नाही, ते श्रीमंत लोक बाबांचं नाव आपल्या पत्रकांवर छापतील आणि त्यापेक्षा अस्वल परवडलं. तेवढं आत्याला कळावं म्हणून लिहिते.

मुलं मजेत आहेत. धाकट्याचे दात पडलेत. माझ्यावरचा लोभ निवडणुकीपुरता कमी करू नका.

तुमची
जोनेल

१९ जून १९८८
ओहायो

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

मतं मोजायचं काम माझ्याकडे आलं, त्याला आता दीड महिना झाला आणि माझं डोकं फिरायची वेळ आलीय.

आधी मी विचारलं, विद्यापीठ की आपलं गाव? आई आणि मी विद्यापीठ म्हणालो. विद्यापीठ जिंकलं. मी आईला माणसं बोलव म्हटलं. तोवर तुझं पत्र आलं की विद्यापीठापेक्षा कॅलिफोर्निया बरं. मलाही तेच वाटतं, म्हणून कॅलिफोर्निया जिंकलं. मी त्यांना गाडी पाठवा म्हणून कळवलं. लगेच आईचा फोन, कॅलिफोर्नियापेक्षा गाव बरं. तूही अर्थात गावच म्हणतेस. म्हणजे गाव जिंकलं. आणि गावाला विद्यापीठाने आधीच हरवलंय. आत्या, आपण तिघीही शहाण्या आहोत, कुणी मत फिरवलेलं नाही, आणि तरी हे गोल गोल फिरतंय.

गाडीवाला आईच्या दारातून रिकामा परत गेला. आईने त्याला पीच फळांचा केक खायला घातला, तोही उभ्याने.

बाबा कुठेतरी बसून हसताहेत असं मला सारखं वाटतं. काहीतरी सुचव.

तुझी
जोनेल

२ ऑगस्ट १९८८
हॉलिस क्रीक

चि. जोनेलला अनेक आशीर्वाद.

हे पत्र आईला दाखवू नकोस. मी थर्मनचं पुस्तक वाचतेय. त्याने स्वतः पाठवलेलं, सही करून, आणि इतकी वर्षं त्या पुस्तकाच्या टेकूने स्वयंपाकघराची खिडकी उघडी राहायची. इथला पाद्री बाप्टिस्ट पंथाचा असला तरी गणित शिकलेला आहे, त्याला मी बुधवारी मक्याची भाकरी खायला घालते आणि तो मला आकृत्या समजावतो. पहिलं प्रकरण वाचून तो म्हणाला, हे चर्चच्या समितीला कळता कामा नये.

चौथ्या प्रकरणात एक समिती आहे. एका चर्चचं छप्पर कुठल्या रंगाचं करायचं यावर भांडते, रंग तीन आणि डोकी तीन, निकाल काही लागत नाही. मग एक म्हातारा अध्यक्ष म्हणतो, आधी या दोन रंगांवर मत घेऊ, मग जो जिंकेल तो आणि तिसरा, आणि त्याला हवा तोच रंग लागतो. नावं बदललीत, पण जोनेल, ते आपलं चर्च आहे गं. तो अध्यक्ष म्हणजे आमचे वडील. ते तंबाखू थुंकायला उठतात आणि तेवढ्यात मत घेऊन मोकळे होतात, तेसुद्धा लिहिलंय. मी पाद्र्यासमोर रडले. त्याला वाटलं आकृती चुकली. पानोपानी आपलंच गाव आहे. मला वाटायचं हा आम्हाला विसरला.

आता मुद्द्याचं. तू दोघींना असं कळव की हा घोळ संपवायला क्रमाने मतं घेऊ. आधी विद्यापीठ विरुद्ध कॅलिफोर्निया. जो उरेल त्याच्याविरुद्ध आपलं गाव. त्यावर काम संपलं, पुन्हा मागे वळायचं नाही. ही कल्पना तुझी आहे असं लिही.

तुझी आत्या
इला

२३ ऑगस्ट १९८८
मुक्काम व्हर्जिनिया

ती. इलावन्संना सा. न. वि. वि.

जोनेलने क्रम लावून मतं घेतली, ती आजच कळली. विद्यापीठ गळलं, मग कॅलिफोर्निया गळलं, गाव जिंकलं. अभिनंदन.

वन्सं, त्या पुस्तकाचं चौथं प्रकरण मी तीनदा टाइप केलंय. थर्मनच्या तोंडून मामंजींची ती छपराची गोष्ट इतकी ऐकलीय की झोपेत सांगेन. जोनेलचं पत्र दोन ओळी वाचूनच मी ओळखलं की ही कल्पना तिची नव्हे. तिला बिचारीला परीक्षेत कॉपीसुद्धा धड करता आली नाही कधी.

मी अडवू शकले असते. वकिलाला एक फोन केला असता. पण तुम्ही ही युक्ती केलीत म्हणजे तुम्ही पुस्तक वाचलंत. त्याला आयुष्यभर एकाच माणसाने आपलं पुस्तक वाचावं असं वाटायचं, आणि ती मी नव्हते. दर नाताळला परतताना गाडीत म्हणायचा, इला काही बोलली नाही. घड्याळाकडे बघायचा तो तुम्ही पुस्तकाचं आता विचाराल, मग विचाराल, म्हणून. विचारणार कसं, हे तुम्हा दोघांनाही सुचलं नाही. मी मध्ये पडायला हवं होतं की काय, कोण जाणे. तुमच्या घरात मध्ये पडायची माझी छाती नव्हती.

तर कागद येताहेत. फक्त त्याचं अक्षर माझ्याशिवाय कुणाला लागत नाही. तुमच्या ग्रंथपाल बाईंना कोंबडीचे पाय उमटल्यासारखं दिसेल. म्हणून ट्रकबरोबर मीही येते. दोन आठवड्यांत सगळं लावून देते आणि परत जाते. खोकी तळघरात नाही, वरच्या मजल्यावर. त्यावर मतं घ्यायची नाहीत.

पाहुणचाराची दगदग नको, फक्त बसून जेवायला एक खुर्ची ठेवा.

तुमची
मार्जरी

१७ नोव्हेंबर १९८८
हॉलिस क्रीक

चि. जोनेलला अनेक आशीर्वाद.

तुझी आई अजून इथेच आहे. दोन आठवडे म्हणाली होती, त्याला आता सगळी पानं गळाली. काम निम्मंही झालेलं नाही, कारण एक कागद लावला की ती दुसरा वाचायला घेते.

तिच्याबरोबर राहणं सोपं नाही हे तुला ठाऊकच आहे. चहात साखर घालत नाही. माझ्या बिस्किटांना बरी आहेत म्हणते. बरी! वाचनालयातल्या अस्वलाला तिने पिसांचा झाडू मारला, आता ते पूर्वीपेक्षा कमी शहाणं दिसतं. पाद्र्याशी आकृत्यांवरून वाद घालते आणि जिंकते, म्हणून तो आता बुधवारी जास्त वेळ बसतो.

पण जेवणं झाली की ती कागद घेऊन बसते आणि मला वाचून दाखवते. अक्षर लागलं नाही की थांबते, मग थर्मन काय म्हणाला असता ते आठवते, आणि त्याच्याच आवाजात सांगते. तुला कधी तिने त्याची नक्कल करून दाखवलीय का? आमच्याकडचा तो लांबलचक हेल, तुमच्या व्हर्जिनियात राहून त्याने घालवलेला, तो तिच्याकडे जसाच्या तसा आहे. म्हणजे घरी तो असाच बोलत असणार. काल मला इतकं हसू आलं की दात काढून ठेवावे लागले.

आज सकाळी बर्फ पडलं. ती तिच्या पातळ निळ्या कोटात दारात उभी राहिली आणि म्हणाली की आता परत जायला हवं, हिवाळ्याचं काहीच आणलेलं नाही. मी म्हटलं, जशी तुझी मर्जी.

तर जोनेल, तिच्यासाठी एक जाड कोट घेऊन पोस्टाने पाठव. बूटही. इथे मार्चपर्यंत थंडी हटत नाही. मी सांगितलं असं मात्र लिहू नकोस, तुलाच सुचलं म्हण, आणि या खेपेला जरा पटेल असं लिही.

मुलांना पापे. थंडी निघेपर्यंत या म्हातारीवर तुझी माया असू दे, पुढचं पुढे बघू.

तुझी आत्या
इला