चहातले चार थेंब

१० जून १९५७
परत नापास!

मला ह्यांनी नाही सांगितलं. ह्यांच्या कचेरीतले वरचे, पेशकार शांतलिंगप्पा, दारावरून जाताना ओसरीवर टेकले आणि सासूबाईंना म्हणाले, "अंबादासरावांचं ह्या खेपेलाबी राहिलं की हो." सासूबाईंनी आत बघितलं — जणू मीच पेपर कोरा ठेवून आले होते.

गेल्या नोव्हेंबरात आपला मुलूख मुंबई राज्यात गेला, तेव्हापासून कचेरीत सगळं मराठीतून. ह्यांचं शिक्षण निजामाच्या शाळेत, उर्दूत. उर्दू अक्षर काय सुंदर आहे! पण मराठी लिहायचं म्हटलं की कपाळावर घाम. खात्याच्या परीक्षेत दोनदा नापास झाले. तिसरी संधी डिसेंबरात, आणि ती शेवटची. मग कचेरीतून कमी करणार.

आणि हे काय करतात? जेवतात, पान खातात, टोपी घालतात आणि आडत दुकानाच्या ओट्यावर शतरंज खेळायला जातात. "अभ्यासाचं काय?" म्हटलं, तर "बघू." लग्नाला सहा वर्षं झाली. ह्या "बघू"शी माझी जितकी ओळख आहे तितकी ह्यांच्याशी नाही.

मी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी, पास आहे. सोलापुरात. ह्या घरात ते कुणी कधी विचारलं नाही.

२३ जून
वसंतमामा आले होते, सोलापूरहून. कळंबला कुणाची तरी जमीन बघायची होती. मामा होमिओपाथीची औषधं देतात, फुकटच. ह्या वेळी नवीनच पेटी आणली होती. विलायतेहून कुणीतरी पाठवलेली, छोट्या अडतीस बाटल्या, सगळी फुलांची औषधं! फुलं पाण्यात घालून उन्हात ठेवायची आणि ते पाणी टिकावं म्हणून त्यात थोडी ब्रँडी. मामांनी इंग्रजी पुस्तकावरून मराठीत एक वही उतरवून काढली आहे.

"ह्याच्यात आजार विचारायचा नसतो चंद्रे, माणूस कसा ते विचारायचं. सांग, जावईबापू कसे आहेत?"

मी सांगत सुटले. चहा निवून गेला. एका माणसाबद्दल मी इतकं बोलू शकते हे मलाच ठाऊक नव्हतं. सहा वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.

मामांनी तीन औषधं एका बाटलीत मिसळून दिली. चेस्टनट नावाच्या झाडाची कळी — तीच ती चूक परत परत करणाऱ्याला, ज्याला शिकवलेलं टिकत नाही त्याला. लार्च — आपण नापासच होणार असं आधीच ठरवून बसणाऱ्याला. हॉर्नबीम — काम समोर आलं की अंग गळणाऱ्याला. ह्यांतलं एकही झाड मी पाहिलेलं नाही. चार चार थेंब, दिवसातून चारदा. मामा वहीही ठेवून गेले. निघताना म्हणाले, "सांगून दे पण."

सांगून? ह्यांना?

२४ जून
सकाळच्या चहात चार थेंब.
"आज चहाला कसला वास येतोय?"
"आल्याचा."
प्याले.

११ जुलै
फरक नाही. शतरंज चालू.

दुपारी मामांची वही वाचत बसते. मोठी करमणूक! सगळी गल्ली आहे तिच्यात. सगळ्यांवर हुकूम चालवणाऱ्यांना द्राक्षाच्या वेलाचं फूल — ही बाटली सासूबाईंची. सारखं स्वतःचंच सांगत बसणाऱ्यांना हीदर — ह्या समोरच्या तारामतीबाई. तोंडावर हसू आणि पोटात काळजी ठेवणाऱ्यांना एक आहे, ते पेशकारांना लागू पडेल.

एका पानावर चिकोरी म्हणून फूल आहे. 'ह्यांना आपली माणसं सतत जवळ हवी असतात. माया करतात, पण धरून ठेवायला करतात. एकटं राहणं सोसत नाही.'

पान उलटलं. तुरीची डाळ निवडायची होती.

२३ जुलै
आज मंगळवार. पकडले गेले.

फडताळात पिठाच्या डब्यामागं बाटली ठेवत होते. सासूबाई देवळातून लवकर आल्या. झाकण उघडून वास घेतला आणि पांढऱ्याफटक पडल्या.

"काय पाजायलीस माझ्या लेकाला? कुण्या बुवाकडं गेलीस? खरं सांग!"

बायकोनं नवऱ्याला चोरून काही पाजलं की लोक काय समजतात ते मला माहीत आहे. त्यासाठी माहेरी पाठवलेली एक बाई ह्याच गल्लीत होती. विलायती औषध म्हणावं, तर ब्रँडीचा वास. मामांचं नाव घ्यावं, तर मामांचं येणं बंद.

तोंडातून निघून गेलं, "फुलाचं पाणी आहे आत्याबाई."
"कुठल्या फुलाचं? देवीच्या?"
मी मान हलवली.
"तुळजापूरचं?"
परत हलवली! हात जोडावेत की कान धरावेत कळेना. सासूबाईंनी डोईवरचा पदर सारखा केला, ओंजळ पुढं केली आणि म्हणाल्या, "मंग मला ग का न्हाई दिलं? एकट्या लेकालाच देवी हाय व्हय?"

दिलं. डोळे मिटून प्याल्या. ओला हात डोक्यावरून फिरवला. म्हणाल्या, "कडक हाय तीर्थ."

हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. हे सांगायला कुणी असतं तर दोघी मिळून पोट धरून हसलो असतो.

६ ऑगस्ट
काय झालं ते नीट लिहून ठेवते.

हे कचेरीतून आले. टोपी खुंटीला. पान खाल्लं. टोपीकडं हात नेला आणि परत घेतला. पिशवीतून कागद काढून म्हणाले, "हे जरा बघतीस का? एका गावच्या विहिरीचा अर्ज आहे. त्याला जबाब द्यायचाय उद्या."

मी हात पुसले. चटईवर बसले. हे बोलत गेले, मी लिहीत गेले. मग त्यांनी माझा मसुदा समोर ठेवून आपल्या हातानं उतरवून काढला. चित्र काढावं तसं एकेक अक्षर. कोपराला कोपर लागत होता. तासभर!

निघून गेले नाहीत. शतरंज नाही. उठताना म्हणाले, "तुझं अक्षर साफ आहे."

थेंब लागू पडले. नक्की लागू पडले.

१ सप्टेंबर
आता रोज. दिवे लागले की चटई टाकते. दिवसभर मी त्या तासाची वाट बघते. भाकरी थापताना बघते, पाणी शेंदताना बघते. त्यात लाजायचं काय, नवरा आहे माझा.

बोलतातही. लहानपणी वडील वारले, चुलत्यांनी शाळेत घातलं, तिथं मास्तर कसे छडी मारत, असलं. मला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं.

पण शिकत नाहीत. मी लिहिते, हे उतरवतात. "स्वतः लिहून बघा," म्हटलं, तर "तू आहेस की!"

बरं वाटलं ऐकून. फार बरं वाटलं.

४ ऑक्टोबर
बाटली संपली. नवरात्रात सासूबाई नऊ दिवस सकाळ-संध्याकाळ तीर्थ घेत होत्या, वर तारामतीबाईंनाही दिलं. मामांना कार्ड टाकलं तर आठ दिवसांत दुसरी बाटली येईल.

बाटलीत विहिरीचं पाणी गाळून भरून ठेवलं. सासूबाई म्हणाल्या, "आता कसं सौम्य झालंय."

ह्यांच्या चहात काही घातलं नाही.

१४ ऑक्टोबर
मामांना कार्ड टाकलेलं नाही. दहा दिवस झाले.

आज हे म्हणाले, "एकदा मीच लिहून बघू का? तू नुसतं तपास."

आणि मी काय म्हणाले? "राहू द्या, वेळ जाईल. उद्याच द्यायचंय ना?"

मी म्हणाले हे! लेखणी त्यांच्या हातातून मीच घेतली. त्यांनी मुकाट्यानं दिली.

ते लिहायला शिकले की चटई गुंडाळायची आणि टोपी खुंटीवरून निघायची. म्हणून कार्ड टाकलं नाही. दुसरं कारण शोधत बसले तर सापडेल, पण खरं हेच आहे.

३० ऑक्टोबर
दिवाळी झाली. फराळाला पेशकार आले होते. म्हणाले, "अंबादासराव, मसुदे झकास उतरायलेत तुमचे. डिसेंबरात पास झालाच म्हणून समजा. न्हाय झालात तर मात्र माझ्या हातात काय न्हाय."

पेशकार गेले तरी ह्यांच्या हातातली करंजी तशीच. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "परीक्षेला काय तू बसणार आहेस?"

रागानं नाही म्हणाले. राग असता तर बरं झालं असतं.

ह्या माणसाची नोकरी जाईल आणि ती मी घालवलेली असेल. जबाबदारी टाळतात म्हणून ह्यांना औषध पाजत होते. आणि मी? चिकोरीचं पान आज परत काढून वाचलं. शेवटपर्यंत.

३ नोव्हेंबर
आज मसुदा दिला नाही. "मी सांगते, तुम्ही लिहा."

तीन ओळींत अकरा चुका. दाखवल्या. मास्तरणीसारख्याच दाखवल्या असतील, माझा आवाज चढतो. ह्यांनी लेखणी भिरकावली. दौत चटईवर सांडली. "बायकोपुढं गिरवत बसू का आता?"

टोपी. गेले.

४ नोव्हेंबर
आले नाहीत चटईवर.

५ नोव्हेंबर
नाहीत. सासूबाईंना पोथी वाचून दाखवली. त्यांना अक्षर येत नाही, म्हणून रोज अर्धा अध्याय माझ्याकडं. एका ओळीचाही अर्थ डोक्यात शिरला नाही.

७ नोव्हेंबर
चटई टाकून ठेवते आणि उचलते.

८ नोव्हेंबर
आले. पाटी आणली होती! दुकानातली नवी, लाकडी चौकटीची. माझ्यापुढं ठेवली आणि मांडी घालून बसले.

"सांग. पण ओरडू नको."

नाही ओरडले.

२९ नोव्हेंबर
तीन ओळींत दोन चुका. परवा एकही नाही. पाटीवर स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव लिहिलं. मग माझं लिहिलं — चंद्रप्रभा — आणि लगेच पुसलं. पण लिहिलं होतं.

थेंब नाहीत, काही नाही. फुलांचा गुण होता की रोज शेजारी बसण्याचा, ते मामांना विचारायला हवं. मला वाटतं मामांनाही सांगता येणार नाही.

१५ डिसेंबर
परीक्षेला उस्मानाबादला गेले. दही-साखर दिली. सासूबाईंनी 'तीर्थ' दिलं. विहिरीचं पाणी प्याले आणि पाया पडले.

२० जानेवारी १९५८
पास!! सासूबाईंनी पेढे वाटले. पेशकार घरी येऊन मिठी मारून गेले.

आणि बदली. परंड्याला, वरच्या जागेवर. पहिल्या तारखेला हजर व्हायचं.

मी विचारलं, "मी?"
"आधी मी जातो. खोली बघतो. मग बघू."

ह्या "बघू"ला मामांच्या पेटीत बाटली नाही. सगळी वही पालथी घातली.

३१ जानेवारी
गेले. पाटी इथंच राहिली. तिचं तिथं काय काम!

९ फेब्रुवारी
पत्र नाही.

१२ फेब्रुवारी
पत्र नाही. दिवे लागल्यावर काय करावं ते कळत नाही. आज चटई टाकून एकटीच बसले. सासूबाई म्हणाल्या, "कुणासाठी टाकलीस?" डाळ निवडायला, म्हणाले. डाळ निवडलेली होती.

मी शिकवलं नसतं तर ते इथं असते. नोकरी नसती, मान खाली असती, पण इथं असते. असं मनात येतं आणि मला माझीच शरम वाटते. शिकवलं ते बरोबरच केलं. बरोबर केल्यावर इतकं एकटं का वाटावं?

१७ फेब्रुवारी
नाही.

२१ फेब्रुवारी
कार्ड आलं. ह्यांच्या हातचं, मराठीतलं पहिलं. एकही चूक नाही. तीन ओळी, सासूबाईंच्या नावानं. प्रकृती ठीक आहे. खोली बरी मिळाली. आईनं काळजी करू नये. माझं नाव कुठंही नाही. उलटून पाहिलं.

"मोठ्यानं वाच की गं," सासूबाई म्हणाल्या.

वाचलं. तीन ओळी संपल्या, पण मी थांबले नाही — "जेवणाचे फार हाल होतात. चंद्रप्रभेला सोमवारच्या मोटारीनं पाठवून दे."

"बघ, आली का न्हाई आठवण!" सासूबाई उठल्याच. "जा बाई, जा. मला काय धाड भरलीय हितं?" ट्रंक त्यांनीच ओढून काढली.

लुगडी भरून झाली. कार्ड पोलक्यात ठेवलंय. सोमवारी सकाळी सातला मोटार आहे. तिथं त्यांच्या दारात उभं राहून काय सांगायचं, ते अजून ठरलेलं नाही.