फॉर्मवर मामांचा रकाना नव्हता

टाफो, कुमासी
बुधवार, दुकानातूनच

आमच्या घरातल्या सगळ्यांहून मोठे, माम्पाँगचे पूज्य न्यार्को मामा यांना भाचा क्वाकूचा अगदी वाकून नमस्कार. (हे नुसतं लिहायचं म्हणून लिहिलेलं नाही. गेले बारा दिवस मी एकटाच मशीनवर बसतोय, त्यामुळे आता सरळ होताच येत नाही.)

तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला? कोकोच्या बागेत त्या शेजाऱ्याच्या शेळ्या अजून येतात का? फोनच करणार होतो. पण तुम्ही पाच मिनिटं खुशाली विचारता आणि मग फोन तसाच चालू ठेवून खिशात टाकता. पुढचं सगळं मी तुमच्या खिशाशी बोलतो. म्हणून हे पत्र माम्पाँगच्या गाडीवाल्याबरोबर पाठवतोय. मला तुमच्याकडून काहीही नको आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मामी पत्र वाचून दाखवताना मध्येच चष्मा काढून "किती मागतोय?" असं विचारणार नाहीत.

तर मामा, तुमच्या कानावर आलंच असेल की क्वाकू बोआडूने सतरा वर्षं कामाला असलेली माणसं हाकलून दिली. साफ खोटं! मी कोणालाही हाकललेलं नाही. मी फक्त शिस्त लावली, माणसं आपापल्या पायांनी गेली. या गावात चांगलं करायला जावं तर नावं ठेवायला दहा तोंडं तयार असतात, आणि त्यातली सहा आमच्याच गल्लीत राहतात.

त्याचं असं झालं. इथल्या एका हॉटेलात छोट्या दुकानदारांसाठी दोन दिवसांचं शिबिर होतं, 'कडक मालक, भरघोस नफा'. शिकवायला राजधानीतून, अक्राहून, एक गृहस्थ आले होते. त्या उकाड्यात अंगावर तीन कपड्यांचा सूट आणि कपाळावर घामाचा थेंब नाही, त्यावरूनच मी समजलो की माणूस मोठा आहे. त्यांनी मला उभं करून विचारलं की तुमच्या दुकानाचे गेल्या वर्षी किती शनिवार बुडाले. मी म्हटलं, साहेब, सगळेच. आमच्याकडे कोणी कधीही जावो, मयत शनिवारीच करतात; सगळं गाव जातं, आमची माणसंही जातात, मीही जातो. तर ते हसले आणि सगळ्यांना म्हणाले, "पाहा, या माणसाचा नफा त्याच्या नोकरांचे नातेवाईक खाताहेत, तेसुद्धा मेलेले!" सगळं सभागृह माझ्याकडे बघून हसलं. मला फार लागलं ते. (त्यांच्या स्वतःच्या हाताखाली किती माणसं आहेत, हे विचारायचं तेवढं राहिलं.) दुपारी जेवणाबरोबर त्यांनी आम्हाला एक छापील फॉर्म दिला. दुःखद प्रसंगाची रजा: आई, वडील, नवरा किंवा बायको, मूल. चार चौकोन. प्रत्येकावर एकदाच खूण करायची. बाकी कोणी गेलं तर देवाची इच्छा, पण दुकान उघडं.

आपल्या 'देव घाई करत नाही' शिवणकाम केंद्रात (नाव तुम्हीच ठेवलंत, सूटवाले साहेब ते ऐकून डोळे मिटून बसले होते) तीनच माणसं आहेत, म्हणजे होती. कापायला बिरागो. तिने कात्री उचलली की कापड आपणहून सरळ पडतं, अशी बाई. मशीनवर कोनाडू, जिला शिवताना भजन लागतं आणि भजन म्हणताना गिऱ्हाईक दिसत नाही. आणि इस्त्री, काजं, बटणं यांना ग्याम्फी. हा सहा फुटी गडी, पण मन लोण्याचं. ओळखपाळख नसलेल्या माणसाच्या मयतीलाही हा घरच्यांआधी रडतो.

पहिला नियम मी नमस्कारांचा केला. सकाळी एकेकाने येऊन प्रत्येकाला वेगळं विचारायचं, घरचे कसे, झोप कशी, मग त्याने उलट विचारायचं, यात अर्धा तास जातो. मी सांगितलं, दारातून एकच सामाईक नमस्कार करायचा. दुसऱ्या दिवशी ग्याम्फी दारात उभा राहिला, पाद्र्यासारखे हात पसरले आणि रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असा एकच नमस्कार ठोकला. कोनाडूने सगळ्यांच्या वतीने 'आमेन' म्हटलं. त्यानंतर दुपारपर्यंत कोणी कोणाशी बोललं नाही. विचारायचंच नाही म्हटल्यावर कोनाडूनेही बाही उजवी की डावी ते विचारलं नाही, आणि चर्चच्या महिला सोसायटीच्या खजिनदारीणबाईंच्या झग्याला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या. याला मी म्हणतो मुद्दाम केलेला आज्ञाधारकपणा!

मग फॉर्म. पहिली रजा ग्याम्फीने घेतली, आई गेली म्हणून. दोन महिन्यांनी आला तो पुन्हा आई गेली म्हणून. आता मामा, मलाही कळतं की आईची बहीण ती आईच. मी काही काल विमानातून उतरलेलो नाही. माय मरो आणि मावशी जगो म्हणतात, पण ग्याम्फीच्या घरी कोणी जगायलाच तयार नाही. मी त्याला फॉर्म दाखवला आणि सांगितलं की इथे आईचा चौकोन एकच आहे. त्याने डोळे पुसले आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "मास्टर, मग या दोघींतली माझी कुठली ते तुम्हीच ठरवा." सांगा, मालकाने काय काय म्हणून ठरवायचं?

शनिवारी मी दुकान उघडं ठेवायला लागलो. एकही गिऱ्हाईक आलं नाही. येणार कसं? रस्त्यावरून लाल-काळ्या कपड्यांतली माणसं गाड्या भरभरून मयतीला जात होती, आणि आम्ही चौघं खिडकीत बसून त्यांचे कपडे पाहत होतो. समोरच्या तुमवाबाईच्या शिवणकामाच्या दुकानाला कुलूप होतं. मी माणसांना म्हटलं, बघा, तिचा तोटा होतोय. बिरागो नुसतं "हं" म्हणाली. त्या 'हं'मध्ये काय होतं ते मला तेव्हा कळलं असतं तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

आणि मग बिरागोचे मामा गेले.

तुम्ही त्यांना ओळखता, दार्को म्हातारबुवा, बाजारात चघळायच्या कोला-बिया विकायचे. बिरागोला लहानाची मोठी त्यांनीच केली, शाळेत त्यांनीच घातली, लग्नाची बोलणी त्यांनीच केली, आणि नवऱ्याने त्रास दिला तेव्हा त्यालाही त्यांनीच सरळ केला. आपल्यात कूळ आईकडून चालतं आणि मामाच कुळाचं मोठं माणूस, हे मला ठाऊक होतं. नव्हतं असं म्हणणार नाही. पण त्या आधीच्याच आठवड्यात मी ग्याम्फीला नाही म्हटलं होतं. आता हिला हो म्हटलं तर शिस्त कुठे राहिली? बिरागोने फॉर्म घेतला, पट्टी घेतली, आणि चार चौकोनांखाली खडूने पाचवा चौकोन आखला. मापाला इतका बरोबर की छापल्यासारखा. त्यापुढे लिहिलं, 'मामा'. मी लाल पेन घेतलं आणि त्यावर 'नामंजूर' लिहिलं. (मामा, तुम्ही कृपा करून मनाला लावून घेऊ नका. नियम दुकानापुरताच होता, घरी तुमची जागा आहे तिथेच आहे.)

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याला दटावता येतं. तिने गळ्यातला टेप काढून गुंडाळला, कात्री माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "मास्टर, तुमच्या कागदावर मामाच नाही, तर मग मी कोणाची? आभाळातून पडले?" आणि गेली. कोनाडू भजन अर्धं टाकून तिच्या मागे गेली. ग्याम्फी रडत रडत गेला, पण इस्त्री बंद करून गेला, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं.

मयत शनिवारी होती. मी तत्त्वाचा माणूस, दुकान उघडं ठेवून बसलो. माझी बायको अजेइवा मात्र काळी वस्त्रं नेसून माझ्या डोळ्यांदेखत गेली, आणि तिथलं वर्तमान तिनेच आणलं. मांडवात मयतीच्या खर्चासाठी आलेले आहेर, नाव आणि रक्कम वाचून, जाहीर करत होते. माईकवाल्याने वाचलं, "बिरागोच्या मालकांकडून..." मग कागद उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला, आणि म्हणाला, "पुढे." त्या 'पुढे'वर अख्खा मांडव हसला. मामा, सत्तावन्न वर्षांचा झालो, चर्चमध्ये वडीलमंडळींत बसतो, आणि मला त्या दोन अक्षरांत संपवलं. मला राग आला, फार आला. आणि खरं सांगायचं तर लाजही वाटली.

सोमवारी गिऱ्हाइकं आली ती कापड परत न्यायला. पोकुवाबाईंच्या घरची वर्षश्राद्धाला घालायच्या चाळीस जणांच्या एकसारख्या कपड्यांची शिलाई होती, ती सगळी गेली समोर तुमवाबाईकडे. मी पोकुवाबाईंना विचारलं, की बाई, इतकी वर्षं माझी पाटी बघून येता, आज काय झालं? तर म्हणतात, "पाटी? कुठली पाटी?" मग सांगितलं, की त्या आणि त्यांच्या जावा आणि जावांच्या बहिणी आल्या त्या बिरागोमुळे. शनिवारी मयतीला ती बायकांत बसायची, स्वतः कापलेलं पोलकं घालून. जेवण येईपर्यंत चारजणी तिची बाही चाचपून बघायच्या आणि सोमवारी कापड घेऊन दुकानात यायच्या. म्हणजे मामा, जे शनिवार मी बुडाले म्हणून मोजत होतो, त्याच शनिवारी माझा धंदा होत होता! आणि हे मला कोणी सांगू नये? सतरा वर्षांत? (अजेइवा म्हणते तिने सांगितलं होतं. दोनदा. मला आठवत नाही.) जाताना पोकुवाबाई दारातून म्हणाल्या, "मास्टर, तुमचे मामा जातील ना, तेव्हा आम्हीही आपापल्या कामातच असू हं."

एवढं बोलायचं? तुम्ही शंभर वर्षं जगा, मामा, पण एवढं बोलायचं?

मी सूटवाल्या साहेबांना फोन केला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, उत्तम, जुनं गळून पडलं, आता नवीन माणसं ठेवा, शक्यतो फारसे नातेवाईक नसलेली. कुमासीत, मामा! फारसे नातेवाईक नसलेला माणूस! असा कोणी सापडलाच तर लोक त्याला आधी दत्तक घेतील आणि मग कामाला ठेवतील. मी फोन ठेवला आणि त्या माणसाच्या सुटाचा राग येऊन बराच वेळ बसून राहिलो. शिलाईही चांगली नव्हती, आता सांगायला हरकत नाही.

असो. मी मजेत आहे. शिस्त चोख आहे. दुकानात मी एकटाच असल्याने उशिरा येणारं कोणी नाही. तुम्ही प्रकृतीला जपा, मामींना नमस्कार सांगा.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
क्वाकू बोआडू

ता. क. मागायचं काही नाही, पण गुडघा बरा असेल तर शुक्रवारी पहिल्या गाडीने या. आपल्यात स्वतःची चूक स्वतः जाऊन बोलत नाहीत, मोठ्या माणसाला पुढे करावं लागतं, आणि माझ्या बाजूचं मोठं माणूस तुम्हीच. माफी मागताना रीतीप्रमाणे द्यायच्या श्नॅप्स दारूच्या दोन बाटल्या मी आणून ठेवल्या आहेत. बिरागोकडे जाऊन तुम्ही फक्त "चूक झाली" एवढंच म्हणा. कोणाची, ते मोघम ठेवा.

ता. क. २. वरचं अजेइवाने वाचलं. ती म्हणते मोघम ठेवायचं असेल तर बाटल्या ती ओतून देईल. बरं, माझी म्हणा.

ता. क. ३. पत्र बंद करणार होतो, पण धीर धरवला नाही, म्हणून आज दुपारी मी एकटाच बिरागोच्या घरी गेलो. तिने बसायला दिलं, पाणी दिलं, मी पिईपर्यंत थांबली, आणि मग रीतीप्रमाणे विचारलं की काय काम काढलंत. मी तोंड उघडलं तर हात वर करून म्हणाली, "असं नाही, मास्टर. मोठ्या माणसाला पाठवा." मी म्हटलं, पाठवतो, मामांना बोलावलंय. तर ती म्हणाली, "या म्हणावं. पण आमच्या बाजूने ऐकून घ्यायला माझे मामाच बसायचे. आता तिथे कोण बसणार, ते मला माहीत नाही." तेव्हा गुडघा दुखत असला तरी याच. माझे मामा म्हणून तिच्या दारापर्यंत चाला, आणि आत जाऊन बसलात की तिचे व्हा.