तिसऱ्यांदा विचारशील ना

योग्यकर्ता,
१४ ऑगस्ट

प्रिय वेनिंगताई,

मी इथे मजेत आहे. आईचा गुडघा कसा आहे? तंबाखूची पानं चिरून उन्हात घातली असतील आणि तुझी मान मोडून येत असेल. पदवीदानासाठी तू माझी कबाया शिवायला घेतलीस असं आई फोनवर म्हणाली. घाई करू नकोस.

आमचं सोबत मंडळ छान चाललंय. तुला सांगितलं होतं ना, ग्रंथालयामागच्या खोलीत आम्ही विद्यार्थीच विद्यार्थ्यांचं ऐकून घेतो. डॉक्टर नाही, मास्तर नाही. एक चटई, चहा आणि समोर आपल्याच वयाचं कोणीतरी. सल्ला द्यायचा नाही. फारच जड असलं तर दवाखान्यापर्यंत बरोबर जायचं. सगळे म्हणतात, लारासपाशी बसलं की बरं वाटतं.

मागच्या आठवड्यात पहिल्या वर्षाची एक मुलगी माझ्यासमोर हमसून हमसून रडली. मी रुमाल दिला, हं हं केलं. मनात सारखं एवढंच होतं की दोरीवरचे कपडे वाळले असतील का. जाताना तिने माझे हात घट्ट धरले. मला काहीच वाटलं नाही, ताई. वाईटसुद्धा नाही.

जेवणाचंही तसंच. खानावळीतल्या बाईंकडून मिरचीची चटणी दुप्पट मागून घेते. डोळ्यांतून पाणी येतं, तेवढंच. त्या म्हणतात, पोरी, पोट जाळून घेशील. मी हसते. हसायला मला अजून छान येतं.

मंडळात ऐकणाऱ्याचीही विचारपूस करायला एक जोडीदार असतो. माझा जोडीदार तोगार, सुमात्रातल्या बाताक लोकांपैकी. तोंडाने फटकळ, मनाने सरळ. आपल्या जावाच्या लोकांना चिडवत असतो, तुम्हाला एक पेला चहा पाजायचा तर अर्धा दिवस मोडतो म्हणून. दर शुक्रवारी तो विचारतो, "लारास, खरं सांग, बरी आहेस ना?"

"काही नाही रे, बरी आहे."

झालं. मान डोलावतो आणि जातो. त्याच्या घरी नाही म्हणजे नाही. मंडळाचा नियमही तोच, नाही म्हटल्यावर खोदून विचारायचं नाही. त्या बिचाऱ्याचा काय दोष? मी मात्र चटईवर तशीच बसून राहते, तो दारातून वळून पुन्हा विचारेल म्हणून.

आत्याकडची तळलेली केळी आठवतात? तिने पहिल्यांदा विचारल्याबरोबर मी हात पुढे केला आणि तू मांडीला असा चिमटा काढलास की डाग पडला. घरी येताना वाटेत शिकवलंस, "दोनदा नको म्हणायचं. ज्याला खरंच द्यायचंय तो तिसऱ्यांदा विचारतोच." ते मी इतकं पक्कं शिकले की आता सुटता सुटत नाही. मंडळात आपल्याकडची मुलं आली की नियम मोडून मी तीनदा विचारते. तिसऱ्यांदा ती बोलतात. मला तिसऱ्यांदा विचारणारं इथे कोणी नाही.

तेव्हा वर मजेत आहे असं लिहिलंय, ते माझं पहिलं 'नको' आहे असं समज. कबायाची घाई करू नकोस, हे दुसरं. या वर्षी माझं पदवीदान नाही, ताई. रमजानपासून मी प्रबंधाला हात लावलेला नाही. सरांचे निरोप उघडत नाही. दिवसभर पडून असते आणि झोप येत नाही. जीव द्यावा असं मनात येत नाही, घाबरू नकोस. पण जगण्यातही मन नाही. याची मला भीती वाटायला हवी ना? तीही वाटत नाही.

दवाखान्याचं दार मला चांगलं माहीत आहे, कितीतरी जणांना मीच तिथे सोडलंय. एकटीने मात्र आत पाऊल टाकवत नाही.

कागदावर लिहून झालं, तोंडाने निघायचं नाही. रविवारी ये. आईला सांग, कबायाला लेस आणायला चाललेय. मी हसत दार उघडेन, चहा टाकेन. तू विचारशील, मी म्हणेन, कुठे काय, काही नाही. मग पत्र का लिहिलंस म्हणशील, तर म्हणेन, असंच. तेव्हा रागावून उठू नकोस. चहा पी आणि पुन्हा विचार.

दोनदा नको म्हणून बसलेली,
तुझी लारास