तुर्कस्तान आमच्या गच्चीवर

३ जुलै
गच्चीवर अँटेना उभा केला. उन्हाळ्यात आकाशात फार उंचावर एक थर जमतो. त्याच्यावर आपटून दीड-दीड हजार किलोमीटरवरचं एफएम ट्युनिशियातल्या आमच्या महदियात पडतं. रेडिओ क्लबातल्या तुहामीने गेल्या वर्षी पोर्तुगाल पकडला. पोस्टात त्याचं टेबल माझ्यासमोरच, त्यामुळे तो पोर्तुगाल मला रोज ऐकावा लागतो.

बायको, सबीहा, म्हणाली, आई वर्षाचा कुसकुस करायला येतेय, वाळवणाला गच्ची लागेल, तुमचा सांगाडा हलवा. मी शांतपणे सांगितलं, महिनाअखेरपर्यंत नवा देश आला नाही तर स्वतः उतरवीन. शांतपणेच, पण दोनदा सांगावं लागलं.

६ जुलै
पहाटे उठणार होतो. उठलो नाही. पहाटे थर जमत नसावा.

११ जुलै, दुपार
तुर्कस्तान!! तुर्की गाणं, अगदी ठणठणीत. लांबचं स्टेशन येतं-जातं म्हणतात. तुहामीचं जात असेल. खाली शेजारच्या नौफलची शेअर टॅक्सी नुकतीच येऊन लागली होती. एसी लावून आत लोळत होता. इकडे इतिहास घडतोय आणि याची वामकुक्षी.

१५ जुलै
रोज जेवणाच्या वेळी येतं. काल नाही आलं. काल नौफल ट्युनिसला गेला होता. आणि त्याची गाडी निघाली की स्टेशन तुटतं. डिझेलच्या धुराने थर विस्कटतो, ही माझी थिअरी. नौफलला बजावलं, दुपारी गाडी हलवायची नाही, विज्ञानाचा प्रश्न आहे. तो म्हणाला, काका, मला तर झोपच हवी असते.

२० जुलै
स्टेशनचं नाव कानावर पडल्याशिवाय क्लब मानत नाही. नाव नाही, जाहिरातही नाही, नुसती गाणी. सुसंस्कृत देश आहे.

सासूबाई कुसकुसाचे दाणे वळायला रव्याची पोती आणि दोन बहिणी घेऊन आल्या. अँटेनाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, यावर मिरच्या किती मावतील?

२६ जुलै
तुहामी आणि क्लबचे अध्यक्ष यांना साक्षीला माझ्या खोलीत बोलावलं. गाणं सुरू झालं. तुहामीचा चेहरा पडला. आयुष्यातला उत्तम क्षण.

मग गाणं थांबलं, रिंग वाजली आणि रेडिओतून सासूबाई बोलल्या! नौफल, गाडीतच आहेस ना रे? मोठी चाळणी घेऊन वर ये. आणि जावयाचा तो दांडा उतरवायला हात लाव, तो येडा महिनाअखेरची वाट बघत बसलाय.

खाली गल्लीतून उत्तर आलं, आलो मावशी.

नौफलने कौतुकाने दाखवलं. गाडीच्या लायटरात खोचायचा बोटभर ट्रान्समीटर, फोनवरची गाणी आणि कॉल गाडीच्या रेडिओवर ऐकवतो. गाडीच्याच, असा त्याचा समज होता. अध्यक्षांनी फक्त एवढंच विचारलं, तुमच्या सासूबाई मूळच्या तुर्की का?

३१ जुलै
अँटेना उतरवला. शब्दाचा पक्का आहे मी. त्याचा दांडा घेऊन कुसकुसावरची कबुतरं हाकलतोय.

दुपारी तुहामीचा फोन. सगळ्या किनाऱ्यावर इस्तंबूल येतंय, नावासकट, जाहिरातींसकट. कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या रेडिओवरसुद्धा. त्याने फोन रेडिओच्या स्पीकरला लावला. आवाज येत होता, जात होता, परत येत होता. खरं स्टेशन असंच येतं.

मला रडू आलं. सासूबाईंनी पाहिलं. म्हणाल्या, बाजूला हो रे पोरा, कुसकुसात पडू देऊ नकोस. वर्षभर टिकायचाय तो.