भागी कोण?

देवळाली कॅम्प,
शनिवार

प्रिय सृष्टी,

पाकीट बघून तुला वाटलं असेल, बँकेचं काहीतरी आलं. नाही गं, मीच आहे. फोन सोडून आजी पत्र का लिहायला बसली, ते शेवटी सांगेन. आधीच सांगितलं तर मधलं तू वाचणार नाहीस. ओळखते मी तुला, सिनेमासुद्धा तू शेवट विचारून बघायला बसतेस. आणि फोनवर काही धड बोलता येत नाही. तिकडे तुझ्या मागे कुणीतरी सतत हाका मारत असतं, मग मीच 'बरं, ठेव' म्हणून मोकळी होते. कागदाला घाई नसते. माझं अक्षर वाकडं झालंय, तेवढं सांभाळून घे.

दिवाळीत तू आलीस आणि चिवड्याच्या डब्याला मोबाईल टेकवून माझ्यासमोर बसलीस. कॉलेजचं काम होतं तुझं. आजी-आजोबांना विचारायचे प्रश्न तू इंटरनेटवरून उतरवून आणले होतेस. कुठल्या मुलखातल्या आजीसाठी ते लिहिले होते, देव जाणे. 'लहानपणी तुझ्या खोलीच्या भिंतींचा रंग कोणता होता?' अगं, माझ्या माहेरी खोली कुठली? एका अंगाला आम्ही, दुसऱ्या अंगाला बैल, मध्ये कुडाची भिंत. रंग म्हणशील तर शेणाचा. 'सुट्टीत फिरायला कुठे जायचात?' जायचो ना, भातलावणीला. इगतपुरीच्या पावसात, डोक्यावर इरलं घेऊन, गुडघाभर चिखलात. तू हसून हसून लोळलीस. मीही हसले. पण तू गेल्यावर कितीतरी दिवस मी तेच प्रश्न घोळवत होते. भाजी निवडताना मनातल्या मनात तुला उत्तरं द्यायची. इतक्या वर्षांत मला असं काही कुणी विचारलंच नव्हतं. तुझा बाबा दर रविवारी पुण्याहून फोन करतो. गोळ्या घेतल्यास का, जेवलीस का, गॅस बंद केलास का. उंटावरून शेळ्या हाकतो नुसता. मी हो, हो, हो म्हणते. काळजीनेच विचारतो, कळतं मला. पण ते प्रश्न माझ्या प्रकृतीला असतात, मला नसतात.

तुला हवं तेवढं मोबाईलमध्ये भरून झालं आणि खालून तुझ्या बाबाने, किशोरने, गाडीचा हॉर्न वाजवला. 'कामापुरती आजी!' असं मी म्हटलं, तेव्हा तू गळ्यात पडलीस आणि उरलेले प्रश्न पुढच्या वेळी, म्हणालीस. ती पुढची वेळ अजून यायची आहे. आधी तुझी परीक्षा, मग मैत्रिणींबरोबर कुठेशी जायचं होतं. रागावले नाही हो मी. थोडी रागावले, पण ते जाऊ दे.

इथलं म्हणशील तर सगळं ठीक चाललंय. दुपारी रेंजवर तोफांचा सराव सुरू झाला की मांडणीवरच्या कपबशा वाजतात. तुझे आजोबा होते तोवर म्हणायचे, 'पाहुणे आले वाटतं.' आता नुसत्याच वाजतात. शेजारच्या अनवरीभाभी दिवसातून एकदा डोकावतात, शिरखुर्मा केला की आधी वाटी माझ्याकडे. परवा दूध उतू गेलं, पातेलं करपलं, घरभर धूर झाला आणि मी खिडकीपाशी शांत बसलेली. भाभी म्हणतात, 'शुभांगीताई, ओ शुभांगीताई, किती हाका मारल्या मी! ऐकू नाही येत का?' ऐकू आलं होतं गं. कुणाला तरी बोलावतायत, एवढंच वाटलं. त्यांना मी सांगितलं, डुलकी लागली होती.

संध्याकाळ मात्र जड जाते. पूर्वी जायची नाही, कारण दिवेलागणीला दादाचा फोन यायचा. माझा भाऊ, गोटीराम. तू लहानपणी एकदा त्याच्याकडे गेली होतीस, त्याने तुला बैलाच्या पाठीवर बसवलं आणि तू भोकाड पसरलंस, तोच. माझ्याहून थोडा मोठा. त्याच्या घरात रेंज नसते, म्हणून तो हातात काठी घेऊन पार टेकाडावरच्या मारुतीपर्यंत चालत यायचा आणि तिथून ओरडून बोलायचा. मोबाईलवर त्याचा विश्वास नव्हता, आपला आवाज आपल्याच जोरावर देवळालीपर्यंत जातो असं त्याला वाटायचं. बोलणं काय तर पाऊस, भात, कुणाची गाय व्याली. माघात दादा गेला, हे तुला माहीत आहे. तू मला हात जोडल्याचं चित्र पाठवलं होतंस. पण त्याच्या दशक्रियेला काय झालं, ते मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. ते सांगायचं तर आधी तुझ्याच एका प्रश्नाकडे यावं लागेल.

तू विचारलं होतंस, 'तुझं नाव कुणी ठेवलं?' मी म्हणाले, 'तुझ्या आजोबांनी.' 'हाऊ रोमँटिक!' म्हणून तू टाळी वाजवलीस आणि पुढच्या प्रश्नाला लागलीस. माझं उत्तर खरंच होतं, अर्धं होतं इतकंच. मी लग्न होऊन या घरात आले, तेव्हा ताटात तांदूळ पसरले होते. तुझ्या आजोबांनी अंगठीने त्यात लिहिलं, शुभांगी. सगळ्यांना पेढे वाटले. त्याआधी माझं नाव भागीरथी होतं. घरात, शेतात, शाळेत सगळीकडे भागी. नावं तेव्हा बहुतेक जणींची बदलायची, त्याचं कुणी मनाला लावून घेत नसे. काहींना तर माहेरचंच नाव राहू द्यायचे. माझी पंचाईत वेगळीच होती. माझ्या सासूबाईंचं नावही भागीरथीच. आता तूच सांग, नवऱ्याने बायकोला हाक मारायची आणि ओ द्यायची आईने? आणि सासरे तर बायकोचं नाव कधी तोंडातून काढत नसत, ते सुनेला काय म्हणून बोलावणार? एका घरात दोन भागी नांदणं शक्य नव्हतं. त्या थोरल्या, म्हणून नाव त्यांचं राहिलं.

नाव वाईट नव्हतं हो. शुभांगी म्हणजे तेव्हाची फॅशन. पण पहिले कितीतरी महिने हाक आली की मी मागे वळून बघायची, कोण आलं म्हणून. सासूबाई म्हणायच्या, 'पोरगी बहिरी दिली काय आपल्याला?' माहेरी गेले तर तिथेही तेच. आईने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, तिच्या सासूचं नाव हाय, असं भसकन तोंडातून काढायचं नाय. तिने स्वतः मला शुभा म्हणायला सुरुवात केली, तेव्हा मी गोठ्यात जाऊन रडले. आपल्या आईला आपली नवीन ओळख करून द्यावी लागते, हे तुला कळेल की नाही कोण जाणे. पुढे सासूबाई गेल्या, तेव्हा नाव मोकळं झालं. पण ते मला कुणी परत आणून दिलं नाही आणि मीही मागितलं नाही. मुलाची आई झाले होते, मागायचं तरी कुणाकडे?

एकट्या दादाने ते सोडलं नाही. चारचौघांत तोही शुभाच म्हणायचा, आईचा धाक. पण भाऊबीजेला मला बसस्टँडवर सोडायला यायचा, तेव्हा घर नजरेआड झालं की लगेच, 'भागे, पिशवी दे इकडं.' आणि टेकाडावरून रोज संध्याकाळी, 'भागे, जेवलीस का?' किशोरचाच प्रश्न, शब्दही तेच. पण दादाचं ऐकून मला भूक लागायची. तो टेकाडावरून काय म्हणतो, ते त्याच्या घरात कुणालाच कधी ऐकू गेलं नाही. वहिनीला ठाऊक होतं, पण ती आधीच गेली.

माघात त्याचा फोन यायचा बंद झाला. मी संतोषला, म्हणजे त्याच्या मुलाला, फोन लावला. तो म्हणाला, 'ताप हाय जरा, उतरंल. तू नको धावपळ करू आत्या, या वयात.' मला जपायला बघत होता बिचारा. मीही ऐकलं. वाटलं, उतरेल ताप, आणि येईल टेकाडावर. मग एका सकाळी फोन आला तो वेगळाच.

दशक्रिया दारणेच्या काठी होती. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर कावळे होते, पण एकही खाली येईना. मग सुरू झालं, ज्याच्या त्याच्या मनात जे येईल ते. संतोष म्हणाला, भावकीत भांडण करणार नाही. धाकटा म्हणाला, बैल विकणार नाही. सुना म्हणाल्या, देवदेव सांभाळू. कावळे ढिम्म. ऊन चढलं, तसा संतोष माझ्याजवळ येऊन बसला आणि हळूच म्हणाला, 'आत्या, तुला म्हणून इचारतो. बाबा शेवटाला सारखं भागी, भागी करत व्हते. भागीला बोलवा म्हणं. ही भागी कोण? आम्ही लय डोकं चालवलं. लावणीला यायची ती भागीबाई हाय ना, तिला बी घेऊन आलो व्हतो. बाबांनी तोंड फिरवलं.'

सृष्टी, मी तासाभराच्या वाटेवर होते गं. इथे, याच खिडकीपाशी, फोन मांडीवर घेऊन बसले होते. ती भागीबाई आपलं काम टाकून आली, त्याच्या उशाशी बसली, आणि त्याने मान फिरवली. काय वाटलं असेल त्याला? बोलावलं तर भलतीच आणली. नाहीतर, भागी आलीच नाही.

संतोषचा चेहरा बघ एकदा डोळ्यांपुढे आणून. केस उतरवलेले, डोळे सुजलेले. बापाचं सगळं मनापासून केलं त्याने. त्याला मी सांगितलं असतं, की ती भागी तुझ्याशेजारी बसलीय, तर जन्मभर त्याला गोड लागलं नसतं. मी म्हणाले, 'असेल रे कुणीतरी, लहानपणची. तापात माणूस काहीही बोलतं.' मग उठले, गुडघे धरत पिंडापाशी गेले आणि हात जोडून मनात म्हणाले, दादा, आले रे मी. मनातच म्हणाले, तोंडाने म्हणता आलं नाही एवढ्या लोकांत. कावळा आला, असं तुला लिहिता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. नाही आला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि माणसं उठली, जेवणं खोळंबली होती. मीही पंगतीत बसले, लाडू खाल्ला. संतोष वाढायला आला, आग्रह करत होता.

आता पत्र का लिहिलं ते. दूध करपल्यानंतर अनवरीभाभींनी गप्प बसू दिलं नाही. त्यांच्या फारुखने मला गाडीत घातलं आणि नाशिकला डॉक्टरांकडे नेलं. फोटो काढले डोक्याचे, चित्रं ओळखायला लावली, मागच्या आठवड्यात काय जेवलात ते विचारलं. बाबाला अजून ठाऊक नाही, येत्या रविवारी त्याचे तीन प्रश्न झाले की सांगेन. डॉक्टर चांगले होते, माझ्याशीच बोलले, फारुखशी नाही. म्हणाले, आजी, याच्यात ताजं आधी जातं, जुनं मागे राहतं. म्हणजे, सोने, सगळ्यांच्या आधी तू जाशील, तू सगळ्यात ताजी ना! तुला ओळखलं नाही तर रागावू नकोस. मग किशोर जाईल, आजोबा जातील, हे घर जाईल, आणि तांदळात लिहिलेलं ते नावही. मग तुम्ही सगळे मला शुभांगी म्हणाल, आई म्हणाल, आजी म्हणाल, आणि मी आपली गप्प बसून राहीन, कुणाला तरी बोलावतायत म्हणून. तुम्हाला वाटेल, संपलं, म्हातारीपर्यंत आता काही पोचत नाही. दादाने हाक मारली, तेव्हा ओ देणारी जगात होती तरी. मला त्या नावाने हाक मारणारं आता कुणीच राहिलेलं नाही. म्हणून तुला सांगून ठेवतेय. तशी वेळ आली की जवळ ये, माझ्या कानाशी तोंड आण, आजीला अशी एकेरी हाक कशी मारू म्हणून लाजू नकोस, आणि म्हण, 'भागे.' मी ओ देईन.

तुझीच,
आजी